नव्या घराचा कठडा

शास्त्रपाठ : अनुवाद २२:८, ईयोब १:४, ५.



अनुवादाच्या पुस्तकाचा बाविसावा अध्याय प्रथमच वाचणाऱ्यास थोडें नवल वाटल्यावांचून राहत नाहीं. शेजाऱ्याचा बैल भटकतांना दिसला तर तो त्याच्या घरीं पोंचवावा. वाटेनें जातांना पक्ष्याचें घरटें आढळलें तर पिलांबरोबर आईस धरूं नये. द्राक्षमळ्यांत दोन जातींचें बीं पेरूं नये. नांगरास बैल आणि गाढव एकत्र जुंपूं नये. असे शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहाराचे नियम तेथें एकापाठीमागून एक आले आहेत. आणि ह्यांच्या मध्येंच, पक्ष्याचें घरटें व द्राक्षमळा ह्यांच्या मधोमध, घराच्या छतासंबंधीं एक आज्ञा आहे. कोणी नवें घर बांधिलें तर त्यानें छतास सभोंवार कठडा करावा, म्हणजे कोणी वरून पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येणार नाहीं, असा तिचा भावार्थ. ज्यानें सीनाय पर्वतावर गर्जनांमध्यें दहा आज्ञा सांगितल्या तोच परमेश्वर येथें गवंड्याच्या कामांत लक्ष घालीत आहे. पुष्कळांस वाटतें कीं, घर बांधून झालें, पाळकसाहेबांस बोलावून प्रार्थना झाली, चार पाहुण्यांस जेवूं घातलें, म्हणजे नव्या घरासंबंधीं देवाचें म्हणणें संपलें. परंतु ह्या अध्यायांत घरभरणीविषयीं एक शब्द नाहीं. छताच्या कडेविषयीं आहे. (घराच्या समर्पणाचा उल्लेख दोन अध्याय आधीं आला आहे, आणि तो असा कीं, ज्यानें नवें घर बांधून अद्याप त्याचें समर्पण केलें नाहीं त्यास लढाईवरूनसुद्धां घरीं परत पाठवावें. नव्या घराचा आनंद देवास इतका मान्य आहे.)

ज्या देशासाठीं हा नियम दिला त्या देशाचीं घरें आपल्या अहिल्यानगर, बीड, सोलापूर, धाराशिव ह्या बाजूच्या माळवदांसारखींच सपाट छताचीं होतीं. लांकडी तुळया, त्यांवर काटक्या, त्यांवर चोपून बसविलेली माती. छत म्हणजे घराची आणखी एक खोलीच. राहाबेनें हेरांस लपविलें तें छतावर पसरलेल्या जवसाच्या ताटांखालीं. शमुवेल शौलाशीं बोलत बसला तो छतावर. पेत्र यापो येथें प्रार्थनेस गेला तो छतावर. आपल्याकडेही माळवदावर मिरच्या वाळतात, कुरडया-सांडगे पडतात, उन्हाळ्यांत अंथरुणें पडतात, आणि लेकरें तेथेंच खेळतात. जेथें माणसांचा वावर आहे तेथें कड सुरक्षित पाहिजे, इतका साधा हा विचार आहे.

आतां माळवदें दिवसेंदिवस कमी होत चाललीं आहेत, आणि त्यांच्या जागीं सिमेंटच्या छताचीं घरें उभीं राहत आहेत. इ. स. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेंत सपाट प्रदेशांतील घरकुलास १,२०,००० रुपये, आणि घर कमींत कमी २५ चौरस मीटरांचें, असें ठरलें होतें. ही रक्कम बांधकाम जसजसें वर चढेल तसतशी हप्त्यांनीं मिळते. आपल्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबांनीं ह्या रकमेंत पदरची भर घालून, मुलांनीं पुण्यामुंबईहून धाडलेले पैसे घालून, कोणीं कर्ज काढून, घरें पुरीं केलीं आहेत. ह्या वर्षींचा हिवाळा त्यांचा नव्या घरांतील पहिलाच हिवाळा होय. आणि नाताळच्या सुटींत त्यांचीं मोठीं झालेलीं मुलें, सुना, जांवई, नातवंडें तेथें प्रथमच उतरतील. अशा कुटुंबांकरितां हा लेख आहे. आणि जे उपदेशक त्यांच्या दारीं जातील त्यांच्याकरितांही आहे.

बांधणारांस ठाऊकच आहे कीं पैसा बहुधा छतापर्यंत येऊन संपतो. जिन्याचें काम कसेंबसें होतें. कठडा राहून जातो. पुढें मजला चढवूं म्हणून खांबांचे गज उघडेच उभे असतात, आणि कठड्याचें काम “पुढल्या वर्षीं पाहूं” ह्या शब्दावर टाकलेलें असतें. घरचीं दोन म्हातारीं माणसें वर कधीं जात नाहींत, म्हणून त्यांस कांहीं उणें भासत नाहीं. पण नाताळच्या सुटींत पांच-सहा नातवंडें येतात, आणि येतांच पहिल्या प्रथम जिना शोधितात! संक्रांत जवळ आलेली असते. पतंग उडविणारें मूल आकाशाकडे पाहत मागें मागें सरतें, त्याचें लक्ष पायांकडे नसतें.

आज्ञेची शब्दयोजना पाहा. पडणारा सावध होता कीं अवखळ, त्याचा दोष किती आणि घरधन्याचा किती, ही चौकशी तेथें नाहीं. कोणीही पडो, दोष घरावर येतो. ह्याचें कारण विचार करितां असें दिसतें कीं, पाहुण्यास घर ठाऊक नसतें आणि घरधन्यास तें ठाऊक असतें. ज्यास ठाऊक आहे त्यानें न जाणणाऱ्याच्या जिवाची काळजी आधींच, विटा आणि चुना ह्यांच्या रूपानें, करून ठेवावी. हें प्रेमच आहे. त्यास मागून डोळ्यांतून पाणी काढावें लागत नाहीं. आणि छतावरच नव्हे तर खिडकींतही तीच गोष्ट. त्रोवस येथें पौलाचें भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलें आणि युतुख नांवाचा तरुण खिडकींत बसल्या बसल्या झोंप लागून तिसऱ्या मजल्यावरून खालीं पडला, हें आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचतों. नाताळच्या आदल्या रात्रीं उपदेश करणाऱ्या बंधूंनीं ही गोष्ट ध्यानांत ठेविली तर ऐकणारांचे उपकार होतील.

परंतु नव्या घराची आणखी एक अडचण आहे, आणि ती विटांनीं भागत नाहीं. जुन्या घरांत मुलगा अंधारांत उठला तरी त्याच्या पायांस उंबरा कळे. रांजण कोठें, कंदिलाची खुंटी कोठें, कोणती पायरी ढळलेली, हें त्याचे हातपायच जाणत. नव्या घरांत तोच मुलगा रात्रीं उठतो आणि भिंत चांचपतो. “आई, तांब्या कोठें ठेविला आहे?” असें तो सकाळीं विचारतो, आणि आईच्या काळजांत कळ येते. ज्यास ह्या हातांनीं न्हाऊं घातलें तो आज पाहुण्यासारखा विचारतो! तिनें आणि त्याच्या वडिलांनीं हें घर मुलांकरितांच बांधिलें; आणि मुलें ह्या घरांत कधीं लहान नव्हतींच. त्यांचें बाळपण जुन्या घराच्या मातींत राहिलें, आणि ती माती गवंड्यानें नव्या जोत्यांत भरून टाकिली.

मग जेवतांना कोणी सहज बोलून जातें, “जुनें घरच बरें होतें, तेथें उन्हाळ्यांत किती गार असे.” बापास राग येतो. तीन वर्षें उन्हातान्हांत उभें राहून ज्यानें हें घर उठविलें त्यास हे शब्द कृतघ्नपणाचे वाटतात. पण एज्राच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायांत काय झालें तें आठवा. बाबेलहून परत आलेल्या लोकांनीं मंदिराचा नवा पाया घातला तेव्हां तरुणांनीं आनंदाचा गजर केला, आणि ज्या वृद्धांनीं पहिलें मंदिर पाहिलें होतें ते मोठ्यानें रडले. गजर कोणता आणि रडणें कोणतें हें लोकांस ओळखूं येईना. त्या रडणारांस एज्रा दोष देत नाहीं. नव्या घरांत जुन्या घरासाठीं कोणी रडलें तर रडूं द्यावें. आपल्या घरांत बहुधा उलट होतें, वृद्ध गजर करितात आणि तरुण हळहळतात. पण गोष्ट तीच. बापानें रागावण्यापेक्षां जुन्या घराचा एखादा दरवाजा, एखादी तुळई, आईचें जातें, नव्या घरांत कोठें तरी बसवून ठेवावें. पुष्कळांनीं असें केलें आहे, आणि मुलें त्या तुळईस हात लावून पाहतात.

आतां थंडीविषयीं. मार्गशीर्ष-पौषाची थंडी आपल्या पठारावर कशी पडते हें सांगावयास नको. सिमेंटचें छत दिवसा जसें लवकर तापतें तसेंच रात्रीं लवकर निवतें. हातभर रुंदीची मातीची भिंत दिवसाची ऊब पहाटेपर्यंत धरून ठेवीत असे, ती गोष्ट ह्या पातळ भिंतींत नाहीं. फरशी तर बर्फासारखी लागते. तेव्हां मुलें येण्याच्या आधीं गोधड्यांस ऊन द्यावें, फरशीवर सतरंजीखालीं पोतीं किंवा कडब्याची बारीक वैरण पसरावी. आणि मुख्य गोष्ट ही कीं, निजण्याच्या खोलींत दारें-खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवूं नये. जुन्या माळवदांत सवणें असे, दारांस फटी असत, आणि शेकोटीचा वायु बाहेर जाई. नव्या घराच्या लोखंडी खिडक्या घट्ट बसतात. जळत्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. निजलेला मनुष्य त्यानें जागा न होतां मरण पावतो. नातवास थंडी वाजूं नये म्हणून आजीनें मायेनें शेगडी आंत आणावी, आणि त्यानेंच घात व्हावा, ह्यापरतें दुःख कोणतें? शेकोटी अंगणांत करा, सगळीं भोंवतीं बसा, हुरडा भाजा, गाणीं म्हणा, निजतेवेळीं विस्तव बाहेरच राहूं द्या. हाही कठडाच होय.

नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायांतील स्त्री हिवाळ्याच्या हिमास भीत नाहीं, कारण तिच्या घरच्या सर्व माणसांस गरम वस्त्रें आहेत. आपल्या आयाबहिणी दुपारभर जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवितात त्या ह्याच वंशांतल्या. आणि हन्ना पाहा. शमुवेल शिलो येथें एलीजवळ वाढत होता. त्याची आई दर वर्षीं यात्रेस जातांना त्याच्यासाठीं एक लहान झगा करून नेत असे, असें शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकांत लिहिलें आहे. ह्या एका वाक्यावर थोडें थांबावें. मुलगा डोळ्यांपुढें नाहीं. वर्षांतून एकदां दिसतो. झगा शिवतांना तिला दर वर्षीं अदमास करावा लागे कीं पोर आतां केवढा झाला असेल. बाही किती लांब ठेवावी, गळा किती रुंद. गेल्या वर्षींच्या मापानें शिविला असता तर तो अंगांत गेलाच नसता. पुष्कळ आईबाप प्रेमानेंच, पण गेल्या वर्षींच्या मापानें शिवीत असतात. मुलगा दहावींत असतांना जें आवडीनें खाई तेंच आज चाळिसाव्या वर्षीं त्याच्या पानांत वाढितात आणि त्यानें नको म्हटलें कीं रुसतात. वैद्यानें त्यास साखर वर्ज्य केली आहे हें त्यांस ऐकूंच येत नाहीं. लेक स्वतः दोन लेकरांची आई झाली, कचेरींत पन्नास माणसांवर देखरेख करिते, तिला पाहुण्यांदेखत “तुला काय कळतें” म्हणतात. हन्नेप्रमाणें दर वर्षीं नवें माप घ्यावें. मूल आलें म्हणजे पहिला दिवस त्यास पाहण्यांत, त्याचें ऐकण्यांत घालवावा.

मुलांसही येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. पौल रोमांत बंदींत असतां त्यानें तीमथ्यास, ज्यास तो आपलें लेकरूं म्हणत असे, शेवटचें पत्र लिहिलें. त्रोवसास कार्पाच्या घरीं आपला झगा राहिला आहे तो आणावा, पुस्तकें आणावीं, आणि हिवाळ्यापूर्वीं येण्याचा यत्न करावा, असें त्यानें उघड उघड मागितलें. हिवाळ्यांत त्या समुद्रावर जहाजें चालत नसत. तीमथ्य हिवाळ्यापूर्वीं निघाला नसता तर वसंतापर्यंत येऊं शकला नसता, आणि वसंतापर्यंत म्हातारा जिवंत राहील ह्याचा भरंवसा नव्हता. आपल्याकडील वडील माणसें असें मागत नाहींत. “तुमच्या सोयीनें या, आमचें काय” असें म्हणतात, आणि मुलें तें खरें मानितात! वडिलांनीं पौलासारखें स्पष्ट बोलावें : अमक्या दिवशीं ये, येतांना माझें कानटोपर आण, गुडघ्याचें औषध आण, तुझी वाट पाहतों. ह्यांत कमीपणा नाहीं. आणि ज्यांचे आईबाप मागत नाहींत अशा मुलांनीं न मागितलेलें ऐकावें.

असो. मुलें आलीं, घर भरलें. आतां आईबापांनीं कसें वागावें? ह्याविषयीं ईयोबाच्या पहिल्या अध्यायाइतकें स्पष्ट उदाहरण शास्त्रांत दुसरें नाहीं. ईयोबाचे सात मुलगे मोठे झाले होते. प्रत्येकाचें स्वतंत्र घर होतें. ते पाळीपाळीनें आपापल्या घरीं मेजवानी करीत आणि तिघी बहिणींस अगत्यानें बोलावीत. बहिणींस बोलावीत, हें शब्द मुद्दाम लिहिले आहेत. ज्या घरीं भाऊ बहिणीस सणाला विसरतात त्यांनीं ते वाचावे. पण ह्या मेजवान्यांत ईयोब कोठें आहे? तो मुख्य स्थानीं बसून उपदेश करीत नाहीं. कोण किती प्याला, कोणाच्या तोंडून काय निघालें, ह्याची तो चौकशी करीत नाहीं. मेजवानीची फेरी संपली म्हणजे तो मुलांकडे निरोप पाठवून त्यांस शुद्ध करी, मोठ्या पहाटेस उठे, आणि जितकीं लेकरें तितके होम अर्पण करी. न जाणो, कोणी आपल्या मनांत देवाचा अव्हेर केला असेल म्हणून. असें तो नेहमी करी.

ह्यांत दोन गोष्टी मोठ्या आहेत. पहिली ही कीं, तो मनांतल्या पापास भितो, पण मनांत हात घालून तें बाहेर ओढीत नाहीं. मोठ्या झालेल्या मुलाच्या मनाचा दरवाजा बापास बाहेरून उघडतां येत नाहीं, हें त्यास कळलें होतें. आपण काय करितों? मुलगा गाडींतून उतरून पाय धुतो न धुतो तोंच, “तिकडे उपासनेस जातोस कीं नाहीं? वर्गणी देतोस कीं नाहीं?” असा प्रश्न त्याच्या पुढ्यांत टाकितों. तो खोटें बोलतो किंवा गप्प बसतो. दोहोंनींही नाताळ कडू होतो. दुसरी गोष्ट ही कीं, ईयोब सगळ्यांकरितां मिळून एक होम करीत नाहीं. प्रत्येकाकरितां वेगळा करितो. “हे प्रभो, माझ्या मुलाबाळांवर दया कर” ही प्रार्थना चांगली आहे, पण ती मोळी बांधून टाकल्यासारखी आहे. एकेकाचें नांव घ्यावें. सुनेचें घ्यावें, जांवयाचें घ्यावें. ज्याच्याशीं तीन वर्षें बोलणें नाहीं त्याचेंही घ्यावें. पहाटेस, चूल पेटण्याच्या आधीं, घर निजलेलें असतां, नव्या घराच्या थंड फरशीवर गुडघे टेंकून. मुलांस तें कळण्याची गरज नाहीं. आणि एखादें जागें असेल तर त्यास कळेल.

कित्येक घरीं सून दुसऱ्या धर्मांतून आलेली असते. तिचें काय, असा प्रश्न उपदेशकांस वारंवार विचारितात. बेथलेहेमाचें नांव नाताळांत आपल्या ओठांवर असतें. त्या गांवीं रूथ नांवाची मवाबी सून सासूबरोबर आली, तेव्हां बवाजानें तिला कापणाऱ्यांच्या पंक्तीस बसविलें आणि भाजलेलें धान्य स्वतः तिच्या हातीं दिलें, ती तृप्त होईपर्यंत जेवली आणि उरलें तें सासूसाठीं घेऊन गेली. तिच्याच वंशांत दावीद झाला, आणि दाविदाच्या कुळांत ख्रिस्त जन्मला. सुनेस आग्रहानें वाढा. ती प्रार्थनेच्या वेळीं बसली तर जागा द्या. न बसली तर स्वयंपाकघरांत तिच्याबरोबर कोणी तरी राहा, म्हणजे ती एकटी पडणार नाहीं.

आतां एक नाजूक विषय. सगळीं मुलें एकत्र जमलीं म्हणजे वडिलांस वाटतें कीं घर कोणाच्या नांवावर करावें, कोणाचे किती पैसे लागले, हें ह्याच वेळीं मिटवून टाकूं. नाताळच्या जेवणानंतर ही गोष्ट निघते, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं अर्धीं माणसें पिशव्या भरूं लागतात. एका मनुष्यानें प्रभूस म्हटलें कीं, माझ्या भावास वतन वांटून द्यावयास सांगा. प्रभूनें वांटणारा होण्याचें नाकारिलें आणि लोभाविषयीं बजाविलें. सणाच्या दिवशीं ही गोष्ट काढूं नये. पण कधींच काढूं नये असेंही नाहीं. तसें केल्यानें बाप मेल्यावर भांडण जन्मास येतें. दुसरा दिवस नेमावा, दिवसा बसावें, मुलींसही बोलवावें. आपल्यांतील पुष्कळांस माहीत नसतें कीं, ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करितां मेला तर त्याच्या मालमत्तेस इ. स. १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्याप्रमाणें विधवेस तिसरा हिस्सा मिळतो आणि बाकीची मालमत्ता मुलगे व मुली ह्यांच्यांत सारखी वांटली जाते. “पोरीचा काय हक्क” हें बोलणें कायद्यांत नाहीं. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटींही नाहीं. तेथें त्यानें आपल्या मुलींस त्यांच्या भावांबरोबर वतन दिल्याचें लिहिलें आहे. मृत्युपत्र करावयाचें असेल त्यानें प्रकृति धडधाकट असतां, दोन साक्षीदारांसमोर, करून ठेवावें.

ईयोबाच्या त्या मेजवानीचा शेवट आपण सर्व जाणतों. थोरल्या भावाच्या घरीं सगळीं जेवत असतां रानाकडून मोठा वारा आला, घराच्या चारी कोपऱ्यांस धडकला आणि घर लेकरांवर पडलें. ही वचनें आपल्या मराठवाड्यांत वाचतांना आवाज खालीं येतो. इ. स. १९९३ च्या सप्टेंबरच्या ३० तारखेस पहाटे चारच्या सुमारास किल्लारीस व आसपासच्या गांवांत धरणीकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचें मातीचें जड छत निजलेल्या माणसांवर आलें. हजारों माणसें गेलीं. जीं राहिलीं त्यांनीं तो हिवाळा पत्र्याच्या निवाऱ्यांत काढिला. पुढें गांवेंचीं गांवें नव्या जागीं बसलीं, आणि पुष्कळांस कित्येक दिवस छताखालीं निजवेना. तेव्हांही असे बोलणारे होते कीं हें त्या लोकांच्या पापाचें फळ. शिलोहाचा बुरूज अठरा जणांवर पडला तेव्हां प्रभूनें हें बोलणें एकदांच कायमचें खोडून टाकिलें आहे. ईयोब पहाटेस उठून प्रार्थना करीत होता, आणि तरी घर पडलें. त्याची प्रार्थना मुलांस वाऱ्यापासून वांचविण्याचा सौदा नव्हती. मुलें जिवंत असतां त्यानें त्यांच्यावर प्रेम करण्याची एकही पहाट चुकविली नव्हती. राखेंत बसला तेव्हां त्यास पुष्कळ गोष्टींचें दुःख झालें असेल, पण ह्या एका गोष्टीचें झालें नसेल.

आणि ज्या घरीं ह्या हिवाळ्यांत कोणीच येणार नाहीं? बीड जिल्ह्यांतील आणि पाथर्डी-शेवगांवकडील आपल्या कित्येक कुटुंबांस मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जावें लागतें. नवें घरकुल झालें, दारास रंग लागला, आणि पहिल्याच हिवाळ्यांत त्यास कुलूप पडलें. धनी-धनीण कोयता घेऊन कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपींत निजलीं आहेत. त्यांचीं लेकरें कोठें त्यांच्याबरोबर, कोठें गांवीं आजीजवळ. अशांचा नाताळ फडांत होतो. कांहीं उपदेशक सायकलीवर, मोटारसायकलीवर तळापर्यंत जाऊन कोपीपुढें उपासना घेतात, हें देवाचें काम आहे. तें आणखी पुष्कळांनीं करावें. ज्यांच्या घरीं मुलें येणार आहेत त्यांनीं शेजारच्या कुलूपबंद घरापुढें झाडलोट करून एक दिवा लावावा, आणि तेथली आजी व नातवंडें ह्यांस आपल्या पंक्तीस आणावें. परमेश्वर एकाकी जनांस कुटुंबांत वसवितो असें स्तोत्रकर्ता म्हणतो. त्याकरितां त्यास आपलीं कुटुंबेंच वापरावीं लागतात. नवें घर २५ चौरस मीटरांचें असलें तरी अंगण असतेंच.

योहानाच्या दहाव्या अध्यायांत एक बारीक गोष्ट लिहिली आहे : यरुशलेमेंत मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेचा सण चालला होता, हिवाळ्याचे दिवस होते, आणि येशू मंदिरांत शलमोनाच्या देवडींत फिरत होता. देवडी म्हणजे वाऱ्यापासून आडोशाची जागा. प्रभूस थंडी वाजत होती, आणि तो आडोशास होता. ह्या हिवाळ्यांत तुमच्या दारीं जो आडोसा मागेल त्यास ओळखून घ्या.

शेवटीं उपदेशकांस व मंडळीच्या पंचांस एक विनंती आहे. नाताळच्या आधींच्या आठवड्यांत भेटीस जाल तेव्हां नव्या घरांच्या छतांवर प्रत्यक्ष चढून पाहा. विटांचा कठडा घालण्याची ऐपत नसेल त्यास निदान बांबूंचा आडवा तट, जाळी, तेंही नसेल तर बाभळीच्या फांद्यांचें कुंपण करावयास सांगा. आणि जिन्यास किंवा शिडीस कुलूप घालावयास सांगा. मंडळीच्या तरुणांनीं एक दिवस अंगमेहनत दिली तर विधवांच्या दोन-तीन घरांचें काम सहज होईल. आपल्या उपासनामंदिराचें छतही पाहा. चोविसाव्या तारखेच्या संध्याकाळीं नाताळचा तारा बांधावयास मुलें तेथें चढणारच. त्या वेळीं दोन थोर माणसें वर उभीं असावींत, आणि विजेची तार कोरड्या हातांनीं जोडावी.